बुरख्यावर चर्चा घ्यायची तर : सांगली-साताऱ्यातल्या मंडळांसाठी

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, वाचनालयात किंवा बचत गटांच्या संघात आठ मार्चच्या सुमारास कुणीतरी सुचवतं, 'यंदा बुरखा आणि स्त्रीस्वातंत्र्य घेऊ.' मग नेहमीचा घाट घातला जातो. फ्लेक्स लागतो, स्टेजवर एक मौलाना, एक वकील आणि एक प्राध्यापिका बसतात. समोरच्या रांगेत चार बुरखेवाल्या मुली बसवल्या जातात, कारण फोटोत त्या दिसायला हव्यात. दोन तासांनी चहा होतो. ज्यांच्या अंगावरच्या कापडावर एवढं बोलणं झालं, त्यांच्यातली एकही तोंड उघडत नाही.

इथं दिलेली पद्धत छोट्या, बंद दाराआडच्या बैठकीची आहे. तिचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: तिला 'नाही' म्हणता येतं का, आणि म्हटलं तर तिला काय मोजावं लागतं? बुरखा घालायला नकार देणारी आणि बुरखा काढायला नकार देणारी, दोघींना हा प्रश्न सारखाच लागू होतो. 'बुरखा चांगला की वाईट' असा विषय फळ्यावर लिहिलात तर पहिल्या दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि पुढं कुणी कुणाचं ऐकत नाही.

माणसं

सोळा ते वीस जणी पुरेत. पंचवीसच्या वर गेलात की मागच्या बाजूला कुजबुज सुरू होते आणि बोलणाऱ्या पाच-सहाजणीच उरतात. यातल्या निदान आठ मुस्लिम असाव्यात. एकटी-दुकटी मुस्लिम बाई कधीही बोलावू नका. ती एकटी असली की तिला साऱ्या समाजाची वकिली करावी लागते. घरात तिला बुरख्याचा कितीही जाच होत असला तरी परक्यांसमोर ती त्याची बाजूच घेणार, आणि तिच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं.

आठजणी एकाच साच्यातल्या असून भागत नाही. नकाबानं चेहरा झाकणारी, नुसता हिजाब बांधणारी, ओढणी डोक्यावर घेणारी, साडी नेसून पदर घेणारी आणि डोकं उघडं ठेवणारी, अशा निदान चार तऱ्हा हव्यात. आपल्याकडं त्या मिळतात. मिरजेत किंवा सांगलीच्या खणभागात बुरखा जास्त दिसतो. तासगाव, खटाव, वाळव्याकडच्या खेड्यांत शिकलगार, मुल्ला, नदाफ, आतारांच्या घरांतल्या वयस्क बाया अजूनही साडीच नेसतात आणि शेजारच्या मराठा बाईसारखाच पदर घेतात. आजी साडीत, आई ओढणीत आणि नात नकाबात असं घर सापडलं तर तिघींनाही बोलवा, पण तिघींना वेगवेगळ्या गटांत बसवा. आजीसमोर नात बोलत नाही, आणि नातीसमोर आजी तिची बाजू सावरून घेत राहते.

पहिली बैठक फक्त बायकांची ठेवा. पुरुषांशी बोलायला हवंच, पण ते दुसऱ्या बैठकीत, दोन आठवड्यांनी. नकाब घालणाऱ्या बाईला चेहरा उघडून मोकळेपणी बोलता यावं, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की भाऊ किंवा दीर खोलीत असला की त्या घरची बाई त्याच्याकडं बघून उत्तर देते. दारावर बाईच बसवा. चहा आणणाऱ्या पोराला दाराशीच थांबवा आणि ट्रे आतून कुणीतरी घ्या. ही बारीक गोष्ट वाटते, पण दार धाडकन उघडून पोरगा आत आला की तीन-चार जणी घाईघाईनं नकाब ओढतात आणि बोलण्याचा धागा तुटतो तो तुटतोच.

हाक काय मारायची हे आधी विचारून घ्या. वयानं मोठ्या बाईला गावात आपा, खाला, चाची किंवा भाभी जे म्हणत असतील ते म्हणा; ताई-काकू चालत असेल तर तेही चालेल. 'तुमच्यात कसं असतं?' हे वाक्य मात्र बैठकीत बंद. त्याऐवजी 'तुमच्या घरी कसं असतं?' असं विचारा. एक शब्द बदलला की ती समाजाच्या वतीनं बोलायचं थांबते आणि स्वतःबद्दल सांगू लागते.

दिवस आणि खोली

शुक्रवार टाळा, जुम्म्याची गडबड असते. रमजानचा महिना टाळा. मिरजेत गुरुवारी दर्ग्याची वर्दळ असते, तोही दिवस सोडा. गणेशोत्सवाच्या आसपास तर हा विषय काढूच नका. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेनं दंगल भोगली आहे आणि त्या दिवसांत पोलीस, मंडळं, मोहल्ले सगळेच ताणाखाली असतात.

दुपारी दोन ते साडेचार ही वेळ बरी. जुहरची, म्हणजे दुपारची नमाज झालेली असते, जेवणं उरकलेली असतात, आणि असर व मगरिब या पुढच्या नमाजा आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या आत घरी पोचता येतं. लांबलंच तर नमाजसाठी कोपरा, एक चटई आणि वजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, पाणी ठेवा. खोली तळमजल्याची, दार लागणारी, पंखा चालू असलेली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो. काळ्या पॉलिएस्टरमध्ये अडीच तास बसणं म्हणजे काय हे न घालणाऱ्यांना कळत नाही. मंदिराचा सभामंडप, दर्ग्याचं आवार, पक्षाचं कार्यालय नको. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची मागची खोली उत्तम. खुर्च्या गोलात मांडा; स्टेज आणि माईक दोन्ही वर्ज्य.

मोबाइल पिशवीत, पिशवी टेबलावर. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, स्टेटस नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. हे आमंत्रण देतानाच सांगा, आल्यावर नको. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून दंगल झाली, ते जिल्ह्याला ठाऊक आहे. आणि दंगल फार लांबची गोष्ट. 'अमक्याची सून भर सभेत बुरख्याविरुद्ध बोलली' एवढा एक स्क्रीनशॉट त्या बाईचं घरातलं जगणं मुश्कील करायला पुरतो.

सुरुवात कपड्यांपासून

पहिली वीस मिनिटं टेबलावर कपडे मांडा. हे खेळासारखं वाटेल, पण निम्मे गैरसमज इथंच सुटतात. आपल्या वर्तमानपत्री मराठीत 'बुरखा' हा एकच शब्द सगळ्याला लावतात. हिजाब म्हणजे केस, कान आणि मान झाकणारा रुमाल किंवा लांब स्टोल. चेहरा पूर्ण उघडा असतो. नकाब डोळे सोडून चेहरा झाकतो. अबाया म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सैल झगा. आणि डोळ्यांपुढं जाळी असलेला टोपीचा बुरखा, जो जुन्या सिनेमांत दिसतो, तो आता फारसा कुणी घालत नाही. यांच्याशेजारी सलवार-कमीजची ओढणी आणि एक नऊवारी लुगडंही ठेवा.

एक नकाब हातात घेऊन सगळ्यांना दाखवा. वरच्या पट्टीला दोन नाड्या असतात. पट्टी कपाळावर ठेवून नाड्या मागं हिजाबावरून बांधतात, त्यामुळं आतला रुमाल सरकत नाही. आता नाडीऐवजी चिकटपट्टीचेही मिळतात. हिजाबाखाली जाळीची किंवा होजिअरीची टोपी घालतात, नाहीतर गुळगुळीत कापड केसांवरून घसरतं. मग हनुवटीखाली एक पिन आणि खांद्यावर दुसरी. बाजारात 'निदा' नावाचं काळं कापड जास्त खपतं, कारण ते सुळसुळीत असतं आणि त्याला इस्त्री फारशी लागत नाही. मात्र तेही पॉलिएस्टरच. कापड प्रत्येकीच्या हातात जाऊ द्या. 'गरम होतं का', 'पाणी कसं पिता', 'स्कूटीवर अडकत नाही का' असे साधे प्रश्न इथं निघतात आणि उत्तरं देणारी बाई त्या विषयातली जाणकार ठरते. तिला उलटतपासणीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही.

कुणालाही 'जरा घालून बघ' किंवा 'काढून दाखव' म्हणू नका. कपडे आधी विकत किंवा उसने आणून ठेवा. अंगावरचा कपडा प्रदर्शनासाठी नसतो.

लुगडं ठेवण्यामागं कारण आहे. मराठा सरदार घराण्यांत गोषा, म्हणजे बायांचा पडदा होता, सासऱ्यासमोर पदर आजही अनेक गावांत आहे. हा धागा दार उघडण्यासाठी वापरा: 'माझ्या आजीला उंबऱ्याबाहेर तोंड दाखवायची चोरी होती' असं एखादी मराठा बाई बोलली की मुस्लिम बायांचा जीव हलका होतो. पण हाच धागा दार लावण्यासाठीही वापरला जातो. 'आमच्यातही होतं, आम्ही सोडलं, तुम्ही कधी सोडणार?' असा सूर लागला, तर तिथंच थांबवा. तसंच 'तुमच्यातही पदर आहे ना, मग आम्हाला काय विचारता?' यालाही अडवा. दोन्ही वाक्यांनी प्रश्न टळतो.

दोरी

बैठकीचा गाभा हा आहे. याला पाऊण तास द्या. पाच मीटर सुती दोरी भिंतीवर आडवी बांधा. डाव्या टोकाला 'संपूर्ण तिची मर्जी', उजव्या टोकाला 'संपूर्ण सक्ती' असा कागद लावा. कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे घ्या. पोस्टकार्डाएवढ्या नऊ कार्डांवर ठळक अक्षरात एकेक प्रसंग लिहा. मराठीखाली उर्दू किंवा दख्खनी वळणाची हिंदी लिहिली तर वयस्क बायांना सोपं जातं. आणि प्रत्येक कार्ड मोठ्यानं वाचाच, कारण वाचता न येणारी बाई ते कबूल करत नाही.

प्रसंग असे: लग्न ठरल्यावर सासरहून निरोप आला, 'आमच्याकडं बुरखा लागतो', आणि तिनं घालायला सुरुवात केली. आई साडी नेसते, घरात कुणी बुरखा घालत नाही, पण मुलगी अकरावीत गेली आणि स्वतःहून हिजाब घालू लागली. वडील नाराज आहेत. मुलगी रोज मिरजेहून एसटीनं सांगलीच्या कॉलेजला येते. घरचे म्हणाले, 'बुरखा घालशील तरच पुढं शिकवू.' बाई बेदाण्याच्या शेडवर कामाला साडीत जाते, डोक्याला टॉवेल. बाजाराला मात्र बुरखा. दुकानाच्या मुलाखतीत सांगितलं, 'काउंटरवर स्कार्फ चालणार नाही', तिनं काढला आणि नोकरी धरली. गल्लीत सगळ्या घालतात, हिला कुणी काही बोललं नाही, पण न घालता बाहेर पडलं की माना वळतात. एकीनं दोन वर्षं घातला आणि सोडला. नवरा म्हणाला 'तुझी मर्जी', जाऊ बोलायची बंद झाली. एक मुलगी कॉलेजच्या गेटवर काढून पिशवीत ठेवते, सुटल्यावर घालते. आणि नववं कार्ड: नवी सून, हिंदू घर, सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळता कामा नये.

चार-पाच जणींचा एक गट करा आणि प्रत्येक गटाला दोन किंवा तीन कार्डं द्या. गटानं बोलून कार्ड दोरीवर कुठं लावायचं ते ठरवायचं. मग बाकीच्यांपैकी कुणालाही उठून चिमटा सरकवता येईल, एकाच अटीवर: सरकवताना कारण एका वाक्यात सांगायचं. लांब भाषण केलं की चिमटा परत जागेवर.

एसटीनं येणाऱ्या मुलीचं कार्ड सगळ्यात जास्त हलतं. एकजण म्हणते ही सरळ सक्ती, अट घातली आहे. दुसरी म्हणते, बुरखा नसता तर ती दहावीनंतर घरात बसली असती. त्या कापडानं तिला कॉलेज मिळवून दिलं. तिसरी विचारते, भावाला अशी कुठली अट होती का? इथं घाई करू नका. चिमटा कुठं थांबतो याला फार महत्त्व नाही. एकाच कपड्यात पायातली बेडी आणि बाहेर पडायची चावी दोन्ही असू शकतात, हे खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी डोळ्यांपुढं दिसतं, आणि ते भाषणातून कधीच दिसत नाही.

कार्डं लागली की दुसरी फेरी. प्रत्येक कार्डाखाली एक छोटी चिठ्ठी टाचा: 'उद्या ती नाही म्हणाली तर?' गटानं तिथं किंमत लिहायची. सोयरीक मोडेल. शिक्षण थांबेल. पगार जाईल. मार बसेल. जाऊ बोलणार नाही. लोक बघतील. काहीच होणार नाही. मग सगळ्यांना दोरीपुढं उभं करा. सासरचा निरोप आणि दुकानाची अट ही दोन कार्डं, एक घालायला लावणारं आणि एक काढायला लावणारं, चिठ्ठी वाचली की शेजारी-शेजारी येतात. पोटापाण्याची किंवा संसाराची किंमत मोजून दिलेला होकार ही मर्जी म्हणायची का, यावर मग जे बोलणं होतं ते ऐकण्यासारखं असतं.

मतं मांडताना

यानंतर वीस-पंचवीस मिनिटं वेगवेगळी मतं समोर ठेवा. सूत्रधारानं स्वतःचं मत या टप्प्यात सांगू नये. प्रत्येक मत त्या मताच्या माणसाला 'हो, आमचं म्हणणं हेच' असं वाटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडता आलं पाहिजे. नाहीतर तो भाग गाळा.

धर्माची आज्ञा मानणाऱ्यांचा आधार कुराणातल्या सूरह (अध्याय) नूरची ३१ वी आणि सूरह अहझाबची ५९ वी आयत (वचन). सुन्नी फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या चारही परंपरांत परपुरुषांसमोर केस झाकणं बाईवर बंधनकारक मानलं गेलं आहे. चेहरा झाकावा की नाही यावर मात्र जुन्या धर्मशास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, हे स्पष्ट सांगा. श्रद्धेनं घालणारीला ही गोष्ट नमाज-रोज्याइतकीच आपली वाटते. तिला 'कुणी सांगितलं?' असं विचारणं म्हणजे उपवास करणाऱ्या बाईला तेच विचारणं.

दुसरा अर्थ लावणारे म्हणतात, सूरह नूरमध्ये ३१ च्या आधी ३० वी आयत आहे आणि ती पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. तिच्यावर कुणी सभा घेत नाही. ३१ मध्ये शब्द 'खिमार' (ओढणी) आहे, अहझाबच्या ५९ मध्ये 'जिलबाब' (बाहेरचं सैल वस्त्र). 'हिजाब' हा शब्द अहझाबच्याच ५३ व्या आयतीत पैगंबरांच्या घरातल्या पडद्यासाठी येतो. सूरह नूरचीच ६० वी आयत वयस्क स्त्रियांना बाहेरचं वस्त्र उतरवून ठेवायची मुभा देते. त्यांच्या मते आदेश लज्जेचा आहे, ठराविक शिवणीचा नाही.

सुधारकांची परंपरा महाराष्ट्राचीच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. समान हक्कांशिवाय मर्जीला अर्थ नाही, हा त्या विचाराचा कणा. बाईच्या शरीराची जबाबदारी बाईवरच का, हा प्रश्न ते विचारतात, आणि तो टाळता येत नाही.

आणखी दोघींचं म्हणणं हमखास राहून जातं. एक बुरख्याला विरोध करणारी, पण सरकारी किंवा कॉलेजच्या बंदीलाही विरोध करणारी. तिचं म्हणणं, बंदीनं बुरखा सुटत नाही, कॉलेज सुटतं. दुसरी, जी हिजाब घालते ते धर्मापेक्षा ओळख म्हणून, 'मी मुस्लिम आहे आणि लपणार नाही' म्हणून. या दोघींना वेळ द्या.

परदेशाचे दाखले द्यायचेच तर जोडीनं द्या. इराणात रझाशाहनं १९३६ मध्ये पोलिसांकरवी बायांच्या डोक्यावरची चादर उतरवली. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात ती सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी हिजाब नीट नसल्याच्या कारणावरून पकडली गेल्यावर कोठडीत असताना मरण पावली. फ्रान्सनं २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी केली आणि २०१० च्या कायद्यानं सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याला. नुसतं इराण सांगितलंत तर मुस्लिम बाया गप्प होतात, नुसतं फ्रान्स सांगितलंत तर बाकीच्या.

कायद्याचा एक कागद

'कोर्टानं हिजाब बंद केला' आणि 'कोर्टानं हिजाबला परवानगी दिली' ही दोन्ही वाक्यं बैठकीत येणारच. एका पानावर एवढं छापून ठेवा.

राज्यघटनेचं कलम १९ (१) (क) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. पेहराव हा त्याचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या तृतीयपंथीयांच्या निकालात म्हटलं. कलम २१ मध्ये खासगीपणाचा हक्क आहे, हे २०१७ च्या निकालातलं. कलम २५ धर्मस्वातंत्र्याचं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. केरळ उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेला हिजाब घालून बसू दिलं, मात्र लवकर येऊन बाईकडून तपासणी करून घ्यायच्या अटीवर.

कर्नाटकचं प्रकरण आपल्याला जवळचं, कारण जत आणि मिरज तालुक्यांची हद्दच तिकडं लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी १५ मार्च २०२२ ला हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही असं म्हणत वर्गातली बंदी कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशाचा नियम योग्य ठरवला. न्या. सुधांशू धुलिया यांनी अत्यावश्यक प्रथेच्या वादात शिरायची गरज नाही, हा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे असं म्हटलं. प्रकरण मोठ्या पीठाकडं नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढं ठेवायचं ठरलं.

महाराष्ट्रातलं प्रकरण चेंबूरच्या एका कॉलेजचं. हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांना मनाई करणाऱ्या नियमाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही असंही सांगितलं. हिजाब आणि बुरखा यांतला फरक टेबलावर आधीच कळलेला असेल तर हा आदेश एका मिनिटात समजतो.

बैठक कुठं फिसकटते

बहुतेक वेळा विषयांतरानं. तिहेरी तलाक, लव्ह जिहाद, पाकिस्तान, अमुक गावातली भानगड असं काहीही निघतं. भिंतीवर 'नंतर बोलू' असा एक मोठा कागद लावून ठेवा. तसा विषय निघाला की त्यावर लिहायचा आणि परत दोरीकडं यायचं. बोलणाऱ्याचा अपमान होत नाही आणि वेळही वाचतो.

दुसरं, सूत्रधार बाई स्वतः मुक्त करणारी असल्याच्या आवेशात येते. 'घाबरू नकोस, बोल, तुझ्यावर सक्ती आहे ना?' हा प्रश्न विचारला की बैठक गेली. सक्ती आहे की नाही हे तिनं ठरवायचं. तसंच एखादी म्हणाली 'मी खूश आहे', तर ते तसंच्या तसं लिहून घ्या, तोंड वेंगाडू नका.

अठरा वर्षांखालच्या मुली या बैठकीत नकोत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक, पालकांना विषय सांगून त्यांच्या संमतीनं, आणि स्वतःचे अनुभव न विचारता फक्त कार्डांवर.

कुणी हुंदका देऊन सांगितलं की घरात मार बसतो, कोंडून ठेवतात, तर सगळ्यांसमोर पुढचे प्रश्न विचारू नका. पाणी द्या, 'नंतर बसू' म्हणा आणि फेरी पुढं न्या. बैठक संपल्यावर बाजूला एकच विचारायचं: आज घरी जाणं सुरक्षित आहे का? महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ हे आकडे तिला पाठ करायला सांगा. चिठ्ठी घरात सापडते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. काय करायचं आणि कधी, ते ती ठरवेल. तुम्ही परस्पर तिच्या घरी जाऊ नका.

बैठकीनंतर कॉलेजला नियम करायचा असेल तर

नियम प्रवेशाच्या आधी, माहितीपत्रकात, लेखी द्या. सत्राच्या मध्यात गेटवर लावलेली नोटीस भांडण लावते. गणवेशाच्या रंगाची ओढणी डोक्यावर चालेल का, हे 'हो' किंवा 'नाही' असं स्पष्ट लिहा. कपडे बदलायला मुलींसाठी कडीची खोली ठेवा. गेटवर, शिपायासमोर, मुलांच्या नजरेत नकाब उतरवायला लावणं हा नियम नसतो, ती विटंबना असते. परीक्षेला ओळख पटवायची तर तीन बाजूंचा पडदा, एक शिक्षिका आणि ओळखपत्र पुरतं. अर्धा मिनिट लागतो. मुलींना वीस मिनिटं आधी बोलवा, म्हणजे पेपर सुरू होताना कुणी घामाघूम नसते. मतदान केंद्रावरही पडदानशीन बायांची ओळख महिला कर्मचारीच पटवते, त्याच धर्तीवर.

बैठक उठण्याआधी दहा मिनिटं राखा. प्रत्येकीनं नाव न घालता एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या: आज ऐकलेली कुठली गोष्ट घरी जाऊन सांगाविशी वाटते, आणि कुठली सांगता येणार नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, सूत्रधारानं अक्षर ओळखू येणार नाही अशा बेतानं पाच-सहा वाचायच्या आणि सगळ्यांच्या देखत सगळ्या फाडायच्या. दोरीवरची नऊ कार्डं मात्र चिमट्यांसकट जशी आहेत तशी गुंडाळून ठेवा. दोन आठवड्यांनी पुरुष येतील तेव्हा त्याच प्रसंगांची नव्यानं लिहिलेली कार्डं त्यांच्यापुढं ठेवा, त्यांना लावू द्या, आणि मग बायांनी कुठं लावली होती ते उघडून दाखवा.